अर्ध्या वाक्याचा मालक

माझ्या नवऱ्याला स्ट्रोक आला तेव्हा तो कांदा चिरत होता. डिसेंबरातला रविवार, पोह्यांची तयारी. मी त्याच्याकडे पाठ करून शेंगदाणे परतत होते. सुरी फरशीवर पडल्याचा आवाज आला आणि मी न वळताच म्हटलं, "पाय सांभाळ रे." एरवी यावर काहीतरी वाकडं उत्तर आलं असतं. आलं नाही. वळून पाहिलं तर तो ओट्याला टेकून उभा होता. उजवा हात नुसता लोंबत होता आणि तो त्या हाताकडे असा बघत होता, जणू कुणीतरी आपला हात आमच्या स्वयंपाकघरात विसरून गेलंय.

"काय होतंय?" मी विचारलं.

त्याने ओठ हलवले. ओठांची एक बाजू हललीच नाही. आवाज आला, शब्द आला नाही.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. आमचं दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर, माझ्या नोकरीतून मिळालेलं. समोरच्या दारातले अधिकारी बिहारचे, त्यांनी पायजम्यावरच गाडी काढली. मी मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि त्याला सारखी सांगत होते, बोल, काहीतरी बोल. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर आलं तेव्हा मला आठवलं की गॅस चालूच राहिला असेल. त्या एका विचाराने मी अशी मटकन खाली बसले की वॉर्डबॉयने आधी मलाच धरलं. गॅस शेजारणीने बंद केला होता, हे नंतर कळलं.

डॉक्टर तरुण होते, भराभर बोलायचे. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी होती. वेळेत आणलंत म्हणाले. जीवाचा धोका टळलाय, उजवी बाजू हळूहळू सुधारेल. बोलण्याचं मात्र आत्ता काही सांगता येत नाही.

मुलगी गुडगावला राहते, तिथेच नोकरी करते. ती तासाभरात पोचली होती. दिल्लीत वाढलेली, तिचं मराठी अर्धं हिंदीतून जातं. ती मला धरून म्हणाली, "आई, तू पॅनिक नको होऊस यार. बाबा ठीक होतील. बिल्कुल ठीक होतील." आणि हे म्हणताना तिचे दात वाजत होते.

मी आयुष्यात यापूर्वी घाबरले नव्हते असं नाही. पण ती भीती येऊन जाणारी होती. ही घरात राहायला आली. तो झोपला की वाटायचं उठणार नाही. उठला की वाटायचं, आता आपल्याला ओळखणार नाही. नर्स घाईने चालत गेली तरी मी उठून तिच्यामागे दारापर्यंत जायचे.

काही दिवसांनी तो बोलला. नर्स सलाईनची बाटली बदलत होती, मी पायाशी उभी होते. त्याने माझ्याकडे बघितलं आणि अगदी स्वच्छ, नेहमीच्या आवाजात म्हणाला, "घाबरायचं असेल तर आधी…"

मुलगी खुर्चीतून उडालीच. "आई! बाबा बोलले!"

आम्ही दोघी पुढे वाकलो. तो थांबला. भुवया आक्रसल्या. पुन्हा म्हणाला, "घाबरायचं असेल तर आधी…" आणि पुन्हा तिथेच थांबला. पाणी हवंय का विचारलं, तर तेच वाक्य. दुखतंय का, तर तेच. मुलीचं नाव विचारल्यावर त्याने तिच्याकडे प्रेमाने पाहिलं आणि तेच सांगितलं.

या वाक्याचं आमच्या घरातलं वय लग्नाइतकं. पोरीच्या दहावीच्या निकालाच्या सकाळी तो हे म्हणाला होता. माझ्या बदलीची अफवा उठली तेव्हा म्हणाला होता. भूकंपाने पंखा डोलायला लागला तेव्हासुद्धा चपला शोधत हेच म्हणत जिना उतरला होता. आणि दर वेळी इतकंच. घाबरायचं असेल तर आधी. पुढचं कुणी बोलायचंच नाही, कारण एवढ्यावरच आम्ही हसायला लागायचो. लग्नानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत कधीतरी त्याने मला ते पूर्ण ऐकवलं होतं, एवढं अंधुक आठवत होतं. मी खूप हसले होते. कशावर हसले होते, ते काही केल्या आठवेना.

घरी आल्यावर वाचा शिकवणारी एक बाई यायला लागली. पंजाबी, मृदू स्वभावाची. तिने समजावलं की अशा आजारात कधीकधी एखादंच वाक्य अडकून राहतं, गाडीचं चाक खड्ड्यात रुतावं तसं. पण तोंडात बसलेल्या ओळी, पाढे, आकडे, रोजच्या म्हणण्यातली वाक्यं मेंदूत वेगळ्या वाटेने येतात. तुम्ही सुरुवात करून द्यायची आणि थांबायचं. कदाचित शेवट आपोआप येईल. तो एकदा आला की दुसरे शब्दही मोकळे होऊ शकतात. होतीलच असं नाही, हेही ती म्हणाली.

मग तिने विचारलं, "पूरा वाक्य क्या है?"

मी आणि मुलगी एकमेकींकडे बघत राहिलो.

त्या रात्रीपासून मला त्या वाक्याचीच भीती वाटायला लागली. घरात कुठूनही ते यायचं. बाथरूमच्या दारातून, पलंगावरून, जेवणाच्या ताटासमोरून. "घाबरायचं असेल तर आधी…" सूर तोच, गमतीचा. डोळे मात्र गमतीचे नसायचे. त्या डोळ्यांत एक घाई होती. मला खात्रीच वाटायला लागली की हा काहीतरी महत्त्वाचं सांगतोय. कुठे दुखतंय, काय होतंय, कशाची तयारी ठेवा. आणि जगात एकच बाई ते समजू शकते, आणि तिला ते समजत नाहीये.

मी अंदाज करायला लागले. "आधी चहा घे?" तो मान हलवायचा, नाही. "आधी बस?" नाही. "आधी देवाचं नाव घे?" तो देवाचं नाव घेणारा नव्हेच, पण मी तेही विचारलं. एकदा मी एकापाठोपाठ एक असे शेवट सुचवत गेले, त्याच्या चेहऱ्यापाशी चेहरा नेऊन, आणि त्याने डाव्या हाताने खिमटाची वाटी भिंतीवर फेकली. या माणसाने घरात कधी वर्तमानपत्रसुद्धा आपटलं नव्हतं. भिंतीवरून खिमट ओघळत होतं. तो रडत होता. मी फडकं आणायला आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. मला त्याच्यासमोर जायची भीती वाटत होती.

शेवट शोधायचाच, असं मी ठरवलं. दुसरं करण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं.

मुलीने आधी मोबाइलवर शोधलं. तिथे सगळ्या गोष्टींना उत्तर असतं. घाबरायचं असेल तर आधी काय करावं याचे तिला ढीगभर शेवट मिळाले, मोठमोठ्या माणसांच्या नावांवर खपवलेले, खाली उगवत्या सूर्याची चित्रं. ती एकेक वाचून दाखवायला लागली. नवऱ्याने ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

मग मी नाशिकला मोठ्या दिरांना फोन केला. म्हटलं, "भाऊजी, हे मामंजींचं वाक्य असेल का?"

"छे गं," ते म्हणाले. "बाबा कसले असं बोलतायत? कुणाला यायला जरा उशीर झाला की ते पानावरून उठून फाटकात जाऊन उभे राहायचे. आमच्या घरात सगळे पोटभर घाबरणारे. हे बाहेरचं आहे." मग त्यांनी विचारलं, "तो बरा होईल ना?" त्यांच्या आवाजात मला तेच ऐकू आलं जे माझ्या छातीत होतं, आणि मी घाईने फोन ठेवला.

वाक्याचा माग लागला तो भलतीकडूनच. नवरा मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. रोज सकाळी कंपनीची बस धौला कुआँहून पकडायचा. त्या बसमध्ये वर्षानुवर्षं त्याच्या शेजारी बसणारा एक हरियाणवी सहकारी एका शनिवारी किन्नू-संत्र्यांची पिशवी घेऊन भेटायला आला. नवऱ्याने त्याला बघितलं आणि म्हणाला, "घाबरायचं असेल तर आधी…"

त्या माणसाला मराठीचा एक शब्द येत नाही. पण तो खदखदून हसला. "हाँ जी हाँ! डरना है तो पहले!"

मी चमकले. म्हटलं, "आपको ये मालूम है?"

तो हिंदीत सांगायला लागला. परदेशातून ऑडिटवाले येणार असले, लाइन बंद पडली, मोठा साहेब ओरडत निघाला, की हा माणूस शांतपणे म्हणायचा, डरना है तो पहले. सगळ्या कारखान्याला पाठ होतं ते.

"पूरा क्या बोलते थे?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण तो एकदम गंभीर झाला.

"पूरा तो कभी नहीं बोला, भाभीजी. हम पूछते थे आगे क्या है. तो बोलते थे, आगे का मालिक करोल बाग में रहता है."

पलंगावरून आवाज आला. नवऱ्याने डावा हात वर केला होता. वर्गात उत्तर येणारा मुलगा करतो तसा, सरळ.

"करोल बाग?" मी त्याच्याजवळ गेले. "मावशींचं घर?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मान हलत होती. हो, हो, हो.

दिल्लीत आला तेव्हा तो करोल बागेत एका मराठी कुटुंबाच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, भाड्याने राहत होता. नगरकडचं ख्रिस्ती कुटुंब. काका सरकारी छापखान्यात, मावशी शाळेत शिक्षिका. त्यांच्याकडेच जेवायचा. लग्नानंतर मला घेऊन गेला होता एकदा. मावशींनी मला केक आणि चकल्या एकाच बशीत दिल्या होत्या. काका कोपऱ्यातल्या खुर्चीत हसत बसले होते, एक शब्द बोलले नव्हते. मला ते शिष्ट वाटले होते. मग नोकऱ्या, पोरगी, शाळा, आणि जाणं-येणं राहून गेलं ते राहूनच गेलं. फोन नंबर नव्हता. ती दोघं आहेत की नाहीत, हेही ठाऊक नव्हतं.

"आई, तू जा," मुलगी म्हणाली. "मी आहे ना इथे."

हॉस्पिटलातून आणल्यापासून मी रजेवर होते, त्याला सोडून कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेले नव्हते. आयएनएच्या मेट्रो स्टेशनात उतरत्या जिन्यावर उभी राहिले तेव्हा वाटलं, परत फिरावं. मेट्रोत फोन हातातच धरून बसले. बोगद्यात मध्येच रेंजच्या रेघा जायच्या. त्या गेल्या की मला वाटायचं, नेमकं आत्ताच काहीतरी होतंय. राजीव चौकात गाडी बदलताना गर्दीने मला उचलून दुसऱ्या फलाटावर नेलं, म्हणून मी पुढे गेले. नाहीतर गेले नसते.

करोल बागेतली ती गल्ली मी ओळखली नाही. दोन्ही बाजूंना गाड्यांच्या सीटकव्हरची आणि हॉर्नची दुकानं, रस्त्यातच गाड्या उघड्या टाकून माणसं आत घुसलेली. सगळ्या इमारती सारख्या दिसत होत्या. मी तीनदा त्याच वाटेने गेले. एका दुकानदाराने विचारलं, "मॅडम, किस गाडी का चाहिए?" मला हुंदकाच आला. मान वर केली तेव्हा तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कागदी चांदणी लटकलेली दिसली. नाताळ होऊन बरेच दिवस झाले होते, रंग उडाला होता, तरी काढली नव्हती कुणी. जिना चढताना मी मनात म्हणत होते, असू देत. दोघांतलं कुणीतरी असू दे.

दार मावशींनी उघडलं. गाऊनवर स्वेटर, पांढरे बारीक केस, माझ्या खांद्याइतकी उंची. अर्थातच ओळखलं नाही. मी नवऱ्याचं नाव सांगितलं.

"नाशिकचा?" त्यांचे डोळे बारीक झाले. "दूध उतू घालवणारा?"

"हो," मी म्हटलं. "अजूनही घालवतो." आणि मग मला ते वाक्य दुरुस्त करायला हवं असं वाटलं, आणि करता आलं नाही.

त्यांनी माझा चेहरा पाहिला. दार बंद केलं, मला खुर्चीत बसवलं आणि माझे दोन्ही हात स्वतःच्या हातांत घेतले. "सांग," म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. सांगून झाल्यावर डोळे मिटून घेतले आणि त्यांचे ओठ थोडा वेळ हलत राहिले. प्रार्थना करत होत्या. मग मी म्हटलं, "मावशी, एक वाक्य आहे. त्याचा शेवट कुणाला ठाऊक नाही. तो म्हणायचा, त्याचा मालक करोल बागेत राहतो." आणि ते अर्धं वाक्य म्हटलं.

मावशींनी तोंडावर हात ठेवला. आधी हसू आलं, मग डोळे भरले. "अगं, हे तर आमच्या ह्यांचं!"

भिंतीवर काकांचा फोटो होता, तेच कोपऱ्यातलं हसू. जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"तू त्यांना कधी बोलताना ऐकलंस?" मावशींनी विचारलं.

"नाही."

"बाहेरच्यांसमोर बोलायचेच नाहीत. अडखळायचे गं. लहानपणापासून. एकेक शब्द ओढून काढायला लागायचा. ऑफिसात लोक नक्कल करायचे, घाईने त्यांच्या तोंडचं वाक्य पुरं करून टाकायचे. त्याचा त्यांना फार राग. म्हणून आमच्या घरात एक नियम होता. ह्यांचं वाक्य दुसऱ्या कुणी पुरं करायचं नाही. मुलांनी नाही, भाडेकरूंनी नाही, मी तर नाहीच. किती का वेळ लागेना."

मग त्यांनी ती संध्याकाळ सांगितली. नवऱ्याला दिल्लीत येऊन वर्षही झालं नव्हतं. खालच्या दुकानात त्याच्यासाठी नाशिकहून फोन आला. लगेच निघ, एवढंच सांगून कट झाला. पुन्हा लागेना. गाडी दुसऱ्या दिवशीची. हा जिन्यात येऊन बसला आणि थरथरायला लागला. आत ये म्हटलं तरी येईना, जेव म्हटलं तरी जेवेना.

"हे उठले आणि त्याच्या शेजारी पायरीवर जाऊन बसले," मावशी म्हणाल्या. "'घाबरायचं असेल तर आधी' इथपर्यंत नीट आलं. मग 'जे'वर अडकले. 'ज' त्यांना फार जड. मी दारात उभी, पोळ्यांचा डबा हातात. मुलं मागे. कुणी हललं नाही. रडत होता तो तुझा नवरा, तोही रडायचा थांबून ह्यांच्या तोंडाकडे बघायला लागला. कुकरची शिट्टी होऊन गेली तरी 'ज' काही येईना. ह्यांच्या कपाळावर घाम. आणि मग आलं. 'घाबरायचं असेल तर आधी जेवून घे. भीती कुठे जात नाही, पोळी गार होते.'"

मावशींनी स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले.

"तो हसला गं," मावशी म्हणाल्या. "रडता रडताच हसला. आत आला आणि जेवला. चांगला पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने नाशिकला पोचला तेव्हा वडील आधीच गेलेले होते."

वडील कसे गेले ते मला माहीत होतं. ही संध्याकाळ माहीत नव्हती. नवरा त्या अर्ध्या वाक्यावर का थांबायचा, तेही आत्ता कळत होतं. काका जिथे अडकले तिथेच तो थांबायचा. आम्ही हसून टाकायचो म्हणून पुढचा भाग पुन्हा कधी आलाच नाही.

"काकांनी कुणाकडून ऐकलं असेल का हे?" मी विचारलं. आता इथवर आलेच होते.

"मुळीच नाही." मावशी जवळजवळ रागावल्या. "एक शब्द काढायला ज्याला घाम फुटतो, तो दुसऱ्याचे शब्द कशाला वाहील? ते बोलले ते सगळं त्यांचं स्वतःचं."

त्यांनी चहा ठेवायला म्हणून हात सोडले तेव्हा मला फोन आठवला. तो पर्समध्ये खाली गेला होता. पडदा उजळला आणि मुलीचे मिस्ड कॉल एकाखाली एक दिसले. माझ्या बोटांना फोन लावता येईना. मावशींनी लावून दिला.

"आई, बाबा पडले." मुलगी रडत होती. "मी फक्त दोन मिनटं किचनमध्ये गेले होते. लागलं नाहीये बहुतेक. पण मला उचलता नाही येत आहे. समोरचे अंकल पण घरी नाहीत. तू ये ना."

"जा," मावशी म्हणाल्या. "पळ."

जिना मी कसा उतरले माहीत नाही. मेट्रोत बसायला जागा होती, बसले नाही. डोळ्यांपुढे तो फरशीवर पडलेला दिसत होता, कधी डोकं फुटलेला, कधी तोंड दुसऱ्या बाजूला ओढलेला. दुसरा स्ट्रोक पहिल्यापेक्षा वाईट असतो असं कुणीतरी वॉर्डात म्हटलं होतं, तेच कानात घुमत होतं. आणि त्यातच ते वाक्य. ते विसरेन अशी वेगळीच भीती. मी दाराशी उभी राहून पुटपुटत होते, जेवून घे, भीती कुठे जात नाही, पोळी गार होते. शेजारची मुलगी जरा सरकून उभी राहिली.

घराचं दार उघडंच होतं. तो बाहेरच्या खोलीत दारापासून हातभर अंतरावर फरशीवर बसला होता, भिंतीला टेकून. मुलीने त्याच्याभोवती रजई गुंडाळली होती आणि स्वतः त्याला चिकटून बसली होती. कपाळावर ओरखडा, बाकी काही नाही. तो उठून दाराकडे निघाला होता. मला शोधायला, हे उघडच होतं.

मी चपलांसकट समोर फरशीवर बसले. त्याने माझ्याकडे बघितलं. चेहरा भीतीने पांढरा पडला होता. त्याच्या भीतीचा विचार मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा केला. मला वाटत होतं घाबरलेली मीच.

"घाबरायचं असेल तर आधी…" तो म्हणाला.

शेवट माझ्या जिभेवर होता. सगळा रस्ता मी तो घोकत आले होते. मी ओठ मिटून घेतले. त्याच्या कपाळावरची शीर फुगली. ओठ जुळत होते, सुटत होते. मुलीने बोलायला तोंड उघडलं, मी तिचा गुडघा दाबला. आत फ्रिजची मोटर सुरू झाली, बंद झाली. खाली कुणीतरी स्कूटर लावली. मला वाटलं, मी याला छळतेय. वाचा शिकवणारी बाईही म्हणाली होतीच की थांबायचं. पण तेव्हा मी एवढी घाबरलेली होते की माझ्या कानांनी ते घेतलंच नव्हतं.

"कु…" तो म्हणाला.



"कुठे?"

मुलगी हमसून रडायला लागली. तो मात्र माझ्याकडेच बघत होता. त्याने प्रश्न विचारला होता आणि त्याला उत्तर हवं होतं.

"करोल बागेत," मी म्हटलं. "मावशींकडे गेले होते. आहेत त्या. काका नाहीत रे."

मी त्याला सगळं सांगितलं. चांदणी, जिना, फोटो. काका पायरीवर येऊन बसले तिथे आल्यावर त्याने डोळे मिटले. वाक्य मी सावकाश, पूर्ण म्हटलं. त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता की रडत होता, आम्हा दोघींना कळलं नाही. "बरोबर आहे ना?" मी विचारलं. त्याने डावा तळवा माझ्या हातावर ठेवला. मग समोरचे शेजारी आले आणि आम्ही तिघांनी मिळून त्याला उचललं.

त्या वाक्याने जादू केली नाही. ते पूर्ण तो आजवर म्हणू शकलेला नाही. बाई सुरुवात करून द्यायची, तो मान हलवायचा. पण "कुठे" नंतर "कोण" आला, मग "नको" आला. नको फार जोरात आला. होळीच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की ते अर्धं वाक्य घरात ऐकू येईनासं झालंय. मी एकदा त्याला विचारलं, तू तेव्हा आम्हाला काही सांगत होतास, की ते नुसतं अडकलं होतं? त्याने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "मा…हीत नाही." मला ते उत्तर आवडलं नाही, पण ते त्याचं होतं.

मावशी रविवारी फोन करतात. तो कानाला फोन लावून बसतो. त्या बाजूला मावशी आणि या बाजूला तो, मध्ये लांबच लांब शांतता, आणि दोघांनाही तिची घाई नसते. मला अजून असते. सोफ्याच्या टोकावर बसून मी त्याच्या तोंडाकडे बघत राहते.

भीती गेलेली नाही. तो बाथरूममध्ये जरा जास्त वेळ राहिला की मी दारापाशी जाऊन उभी राहते. फक्त आता त्याला हाक मारण्याआधी थोडी थांबते.

उन्हाळा लागल्यावर आम्ही संध्याकाळी खाली जायला लागलो. त्याच्या डाव्या हातात काठी, उजव्या बाजूला मी. परवा भाजीच्या गाडीपाशी त्याने मला थांबवलं. त्याला काहीतरी घ्यायचं होतं, स्वतः मागून. भाजीवाल्याने पिशवी उघडून धरली. नवऱ्याने तोंड उघडलं आणि काही येईना. मागे दोन बायका उभ्या राहिल्या. भाजीवाला एकेक वस्तू उचलून दाखवायला लागला, "ये? ये वाली?" मी म्हटलं, "भैया, रुको ज़रा."  मागची बाई घड्याळ बघत होती. तो दोडक्यांकडे टक लावून बघत होता, मला दिसत होतं. सकाळीच मी म्हटलं होतं, आज दोडक्याची भाजी करते.

"भें…" तो म्हणाला. "भेंडी."

भाजीवाल्याने खुशीत पाव किलो भेंडी मोजून पिशवीत टाकली. नवरा पिशवीकडे बघत राहिला. चेहरा चिडला, मग लाल झाला, आणि मग त्याला हसू आवरेना. मागच्या बायकाही हसल्या. आम्ही भेंडी घेऊन घरी आलो.